इंजिन घ्यावे की पंपसेट?

चावडीवर जाऊन तलाठीभाऊसाहेबांकडून उतारा काढला नाही असा शेतकरी विरळाच. तेथे दोन तऱ्हेचे कागद मिळतात, हे आपणांस ठाऊक आहे. एक सातबारा आणि दुसरा आठ-अ. सातबारा असतो जमिनीच्या गट क्रमांकाप्रमाणे. गट धरायचा आणि त्याचा धनी कोण, पीक कोणते, ते वाचायचे. आठ-अ असतो खातेदाराप्रमाणे. खातेदार धरायचा आणि त्याच्या नावावर कोणकोणते गट आहेत, ते वाचायचे. माहिती एकच, मांडणी मात्र उलट. आता समजा, गावात नुसते सातबारेच असते आणि कुणी विचारले असते की, "रामभाऊंची जमीन कुठे कुठे आहे हो?" तर बिचाऱ्या भाऊसाहेबांना सारे दप्तर पहिल्या पानापासून चाळत बसावे लागले असते. आठ-अ आहे म्हणून ते काम एका पानावर होते.

संगणक शोध घेतो तो असाच. आपण मोबाईलवर एक शब्द टाकतो आणि क्षणात लाखो पानांतून नेमकी पाने पुढे येतात. संगणक काही त्या क्षणी सारी पाने वाचत नाही. त्याने आधीच प्रत्येक शब्दाचा आठ-अ तयार करून ठेवलेला असतो. 'कापूस' हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, 'बोंडअळी' कोणकोणत्या पानांवर आहे, याची ती यादी. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या की काम झाले. या उलट्या मांडणीला आपण शब्दसूची म्हणू.

ही युक्ती संगणकाहून फार जुनी आहे. तेराव्या शतकात, १२३० च्या सुमारास, पॅरिसमध्ये ह्यूग ऑफ सेंट-शेर नावाच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली मठातील साधूंनी लॅटिन बायबलाची शब्दसूची तयार केली. कोणता शब्द कोणत्या अध्यायात आला आहे, हे त्यांनी हाताने टिपून काढले. आपल्याकडेही ही परंपरा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली आणि त्या सुमारास श्लोकचरणांची मोठी सूचीही छापली. एखादा चरण आठवला, पण तो कोणत्या पर्वातला ते आठवत नाही, अशा वेळी अभ्यासकाचे जे दिवस वाचतात, त्यांचे मोल शिक्षकबंधूंना सांगायला नको.

संगणक आल्यावर हे काम यंत्राने करावे असा विचार साहजिकच निघाला. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन यांनी १९६० नंतरच्या दशकात 'स्मार्ट' नावाची शोधपद्धती उभी केली. इंग्लंडात केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ साली एक साधा पण मोलाचा सिद्धांत मांडला. जो शब्द थोड्या कागदांत आढळतो त्याला वजन जास्त, आणि जो जिथे तिथे आढळतो त्याला वजन कमी. 'आणि' हा शब्द सगळ्याच पानांवर असतो, त्यावरून काय शोधणार? पण 'बोंडअळी' थोड्याच पानांवर असते. तेव्हा शोधणाऱ्याला काय हवे आहे, हे तोच शब्द सांगतो. आजही बहुतेक शोधयंत्रे या विचाराच्या पायावर उभी आहेत.

इथवर झाली विद्वानांची हकीकत. आता कारागिरांची ऐकू या.

डग कटिंग नावाचा एक अमेरिकन प्रोग्रामर होता. झेरॉक्स, ॲपल, एक्साइट अशा कंपन्यांत त्याने शोधाच्या कामावर हात बसवला होता. १९९७ च्या सुमारास त्याने जावा या संगणकभाषेत स्वतःच एक शोधयंत्र लिहायला घेतले. त्याला नाव दिले ल्युसीन. हे त्याच्या पत्नीचे मधले नाव. २००० साली त्याने ते सर्वांसाठी खुले केले आणि २००१ मध्ये ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली गेले. खुले म्हणजे कसे? कुणीही घ्यावे, वापरावे, उघडून पाहावे, बदलावे. पैसा नाही, मक्ता नाही.

परंतु हे ल्युसीन म्हणजे तयार यंत्र नव्हे, बरं का. प्रोग्रामर लोक त्याला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, प्रोग्राममध्ये जोडायच्या तयार भागांची. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ते नुसते ऑईल इंजिन आहे. इंजिन आणले म्हणजे विहिरीचे पाणी पाटाला लागत नाही. त्याला पाया घालायचा, पट्टा चढवायचा, पंप जोडायचा, नळ टाकायचे. आणि हे सारे ज्याचे त्याने करायचे. मात्र त्याचा एक फायदाही आहे. तेच इंजिन पट्टा बदलून उसाच्या चरकाला लावा, पिठाच्या गिरणीला लावा, ते तक्रार करीत नाही.

ल्युसीनचेही तसेच. ते शब्दसूची बांधून देते आणि तीत शोधून देते. सूची कोणत्या यंत्रावर ठेवायची, दोन-चार यंत्रांत ती वाटायची कशी, एक यंत्र बंद पडले तर काय, बाहेरच्या प्रोग्रामने प्रश्न कसा विचारायचा, परवानगी कुणाला द्यायची, यांतले काहीही ते बघत नाही. ते तुमच्याच प्रोग्रामच्या पोटात बसते. ज्यांचे काम एका प्रोग्रामपुरते होते, त्यांना ते अगदी मानवले. प्रोग्रामरांचे एक्लिप्स नावाचे प्रसिद्ध साधन आहे. त्याच्या मदतपुस्तिकेत शोध घेण्यासाठी हेच इंजिन आत बसवलेले होते. तेथे वेगळा सर्व्हर कशाला हवा? चार कुंड्यांना पाणी घालायला कुणी विहीर खणत नाही.

पण मोठ्या कामात अडचण दिसू लागली. प्रत्येक कंपनी तेच इंजिन आणी आणि प्रत्येक जण तोच पाया, तोच पट्टा, तेच नळ पुन्हा नव्याने बसवी. अमेरिकेतील सीनेट कंपनीत योनिक सीली यांनी २००४ मध्ये ल्युसीनभोवती हे सगळे एकदाच नीट बांधून काढले. त्याचे नाव सोलर. कंपनीने ते २००६ साली अपाची संस्थेला देऊन टाकले. आता ते एक स्वतंत्र यंत्र झाले, म्हणजे सर्व्हर झाला. तुमचा प्रोग्राम कोणत्याही भाषेत असो, त्याने सोलरला निरोप धाडायचा आणि उत्तर घ्यायचे. हा झाला पंपसेट. आत इंजिन तेच, पण पाया-पट्ट्यासकट जोडलेला.

दुसरी हकीकत शाय बॅनन यांची. २००४ च्या सुमारास त्यांची पत्नी लंडनला स्वयंपाकशास्त्र शिकत होती. तिच्या पाककृतींत शोध घेता यावा म्हणून त्यांनी प्रोग्राम लिहायला घेतला आणि ल्युसीनशी गाठ पडली. ते वापरायला अवघड वाटले, म्हणून त्यावर कंपास नावाची एक सोपी लायब्ररी त्यांनी रचली. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, लायब्ररीवर लायब्ररी रचून अनेक यंत्रांवर काम वाटण्याचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा त्यांनी सारे मोडून नव्याने लिहिले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च नावाचा सर्व्हर लोकांपुढे ठेवला. त्यात सूचीचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर ठेवता येतात, आणि प्रत्येक तुकड्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर राहते. तो प्रत्येक तुकडा म्हणजे आत एक अख्खे ल्युसीनच. एक यंत्र बंद पडले तरी दुसरे पाणी देत राहते. एकाच माणसाने आधी लायब्ररीचा रस्ता चालून पाहिला आणि मग सर्व्हरचा, म्हणून ही हकीकत मला बोलकी वाटते.

आता आपल्यापुढे प्रश्न उभा राहतो. कुणी म्हणेल, तयार पंपसेट मिळत असताना नुसते इंजिन आणायचे कशाला? त्याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा ज्यांनी निवड केली त्यांच्याकडे पाहू. दोन उदाहरणे घेतो.

पहिले ट्विटरचे. २०१० च्या ऑक्टोबरात त्यांनी आपला शोध नव्याने बांधला. त्या वेळी सेकंदाला हजारावर नवे संदेश येत होते आणि सेकंदाला बारा हजार शोध घेतले जात होते. आलेला संदेश दहा सेकंदांच्या आत शोधात सापडला पाहिजे आणि सर्वांत ताजा संदेश सर्वांत आधी दिसला पाहिजे, ही त्यांची गरज. तयार यंत्रे तेव्हा यासाठी घडवलेली नव्हती. म्हणून त्यांनी ल्युसीन घेतले, ते आतून उघडले आणि सूची ठेवण्याची त्याची रीतच बदलली. याद्या अशा रचल्या की वाचन नव्याकडून जुन्याकडे व्हावे. हे पंपसेट घेऊन झाले नसते. पण त्यांच्यापाशी त्या कामात मुरलेली माणसे होती, आणि शोध हाच त्यांच्या धंद्याचा एक खांब होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरे उदाहरण विकिपीडियाचे. हा ज्ञानकोश आपल्या शिक्षकवर्गाच्या रोजच्या ओळखीचा. मराठी विकिपीडियाही २००३ पासून चालू आहे आणि त्याचा शोधही याच यंत्रणेवर चालतो. आरंभीच्या वर्षांत विकिपीडियाचा शोध साध्या माहितीसाठ्यावर चाले. गर्दी झाली की तो बंद ठेवावा लागे आणि वाचकाला गूगलकडे पाठवावे लागे. स्वतःच्या घरात काय आहे ते शेजाऱ्याला विचारायची पाळी! २००५ च्या सुमारास त्यांनी ल्युसीन घेतले आणि भोवतीची यंत्रणा स्वतः बांधली. स्वयंसेवकांनी ती पुढे फार कष्टाने सुधारली. पदरात पैसा थोडा, वाचक कोट्यवधी, भाषा शेकड्यांनी. अशा स्थितीत तिने जवळजवळ दशकभर सेवा केली. त्या यंत्रणेला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

पण अडचण यंत्रात नव्हती, माणसांत होती. घरी बांधलेल्या यंत्राची खोच ते बांधणाऱ्यालाच ठाऊक असते. गावातला एकच मिस्त्री इंजिनाचा आवाज ओळखून सांगतो, "वॉशर गेला." तो मिस्त्री पोटापाण्यासाठी शहरात गेला की ऐन रब्बीत इंजिन मुके होते. विकिपीडियाच्या यंत्रणेचे असेच होत चालले. बांधणारे इतर कामांना लागले आणि आत हात घालायला कुणी धजेना. सूची रात्रीतून एकदा नवी होई, म्हणून सकाळी सुधारलेला मजकूर दुसऱ्या दिवशी शोधात दिसे. २०१३-१४ मध्ये विकिमीडिया संस्थेने सोलर आणि इलॅस्टिकसर्च दोन्ही पारखून इलॅस्टिकसर्च निवडले. आता दुरुस्त केलेले पान थोड्याच वेळात शोधात सापडू लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या सर्व्हरची जाण असलेली माणसे जगभर होती. एक गेला तर दुसरा मिळत होता.

तेव्हा निर्णय झाला, सर्व्हरच बरा, असे म्हणून उठू नका. पुढचा अध्याय ऐकण्यासारखा आहे.

जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चच्या कंपनीने जाहीर केले की, ७.११ या आवृत्तीपासून जुना खुला परवाना राहणार नाही. मोठ्या कंपन्या आमचे यंत्र फुकट घेऊन त्याची सेवा विकतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि तीत तथ्य नव्हते असे नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षे त्या यंत्रावर घर उभे केले होते, त्यांच्या पायाखालची जमीन हलली. ॲमेझॉनने शेवटची खुली आवृत्ती घेऊन त्याच वर्षी ओपनसर्च नावाची वेगळी चूल मांडली. विकिमीडियाही नव्या परवान्याच्या आवृत्त्यांकडे गेली नाही. २०२४ मध्ये कंपनीने पुन्हा एक खुला परवाना जोडला आणि त्याच वर्षी ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या हाती गेले. या साऱ्या भांडणात एक गोष्ट मात्र जागची हलली नाही, ती म्हणजे ल्युसीन. ते संस्थेचे होते, संस्थेचेच राहिले. पंपसेटच्या दुकानदाराने अटी बदलल्या, पण इंजिनाचा नकाशा गावाच्या मालकीचाच होता. म्हणून तर वेगळी चूल मांडता आली.

तयार यंत्राचा दुसराही एक धोका आहे. ते चटकन चालू होते. त्यामुळे ते समजले आहे असे आपल्याला वाटू लागते. इलॅस्टिकसर्चला पूर्वी आपणहून कुलूप नसे, ते वेगळे घालावे लागे. कित्येकांनी ते घातलेच नाही आणि यंत्र थेट इंटरनेटवर उघडे ठेवले. जानेवारी २०१७ मध्ये चोरांनी अशी हजारो उघडी यंत्रे हुडकून त्यांतील माहिती पुसली आणि खंडणी मागितली. २०२२ च्या आठव्या आवृत्तीपासून कुलूप आपोआप लागू लागले. लायब्ररी प्रोग्रामच्या पोटात असते, तिला रस्त्यावर दार नसते. सर्व्हरला दार असते, आणि दार म्हटले की राखण आली.

आता आपल्या भाषेची गोष्ट. शिक्षकबंधू मुलांना सामान्यरूप शिकवतात. 'घर' चे 'घरात, घराला, घरापासून' होते, 'पाणी' चे 'पाण्यात' होते, 'ऊस' चा 'उसाला' होतो. यंत्राला हे ठाऊक नसते. 'पाणी' शोधले तर 'पाण्यात' असलेले पान त्याच्या लेखी परके. इंग्रजीसाठी शब्दाचे मूळ काढण्याचे नियम मार्टिन पोर्टर यांनी १९८० सालीच प्रसिद्ध केले. मराठीचे काम मात्र अजून पुष्कळसे आपल्यालाच करायचे आहे. आणखी एक गंमत सांगतो. 'शेतकऱ्याला' या शब्दातला अर्धा 'र' संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी नोंदता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका कारकुनाने एका रीतीने टंकले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या रीतीने, तर शेतकऱ्याला हवा असलेला कागद कपाटात असूनही सापडणार नाही! यंत्र "काही मिळाले नाही" एवढेच म्हणेल आणि माणूस त्यावर विश्वास ठेवून घरी जाईल.

हे दुरुस्त करायचे कुठे? ल्युसीन घेतले तर आपला नियम थेट यंत्राच्या आत लिहिता येतो. सर्व्हर घेतला तर अक्षरांची अदलाबदल किंवा समानार्थी शब्द यांसारख्या सोप्या गोष्टी नुसत्या मांडणीच्या कागदात लिहून भागते. शब्दाचे मूळ काढण्यासारखे अवघड काम असेल, तर जोडभाग बनवावा लागतो. आणि इलॅस्टिकसर्चमध्ये हा जोडभाग सर्व्हरची मुख्य आवृत्ती बदलली की पुन्हा बांधून घ्यावा लागतो. म्हणजे सर्व्हर घेतला तरी मराठीपुरता मिस्त्री आपल्याला पोसावाच लागतो. ही गोष्ट आधी समजली तर पुढे पस्तावा होत नाही.

मग निवड करायची ती कशी? समजा, एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाला किंवा शिक्षक मंडळाला आपल्या जुन्या अंकांचा संग्रह शोधण्यासारखा करायचा आहे. अशा वेळी यंत्र पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. पहिली, हा शोध एकाच प्रोग्रामच्या आत राहणार आहे की अनेकांनी अनेक ठिकाणांहून त्याला विचारायचे आहे? एका मोबाईलमधला, इंटरनेटविना चालणारा शब्दकोश असेल तर लायब्ररी पुरे, किंबहुना तीच योग्य. दुसरी, आपली गरज जगावेगळी आहे की चार जणांसारखी? चार जणांसारखी असेल तर चार जणांनी घेतलेले यंत्र घ्यावे. तिसरी, आज बांधणारा माणूस तीन वर्षांनी येथे असेल का, आणि नसेल तर त्याची जागा कोण घेईल? आणि चौथी, दुकानदाराने उद्या अटी बदलल्या, तर आपले मूळ कागद आपल्या हाती आहेत ना?

ही चौथी गोष्ट फार जपावी. शब्दसूची म्हणजे मूळ दप्तर नव्हे. आठ-अ गहाळ झाला तर सातबाऱ्यांवरून तो पुन्हा लिहिता येतो. सातबारेच गहाळ झाले तर आठ-अ घेऊन काय करणार? म्हणून मूळ मजकूर नेहमी वेगळा, साध्या स्वरूपात, सुरक्षित ठेवावा. तो हाती असला म्हणजे आज सोलर, उद्या ओपनसर्च, परवा नुसते ल्युसीन, कोणताही बदल थोड्या श्रमात होतो. २०१७ साली उघड्या यंत्रांतली माहिती ज्यांची पुसली गेली, त्यांतही ज्यांच्याजवळ मूळ दप्तर होते ते नव्याने सूची बांधून उभे राहिले असणार. ज्यांनी सूचीलाच दप्तर मानले, त्यांना खंडणीखोराच्या तोंडाकडे पाहत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आमच्याकडे म्हण आहे, दुरून डोंगर साजरे. इंजिन लांबून पाहणाऱ्याला वाटते, आपल्या हाताने जोडू, त्यात काय आहे. पंपसेट लांबून पाहणाऱ्याला वाटते, बटण दाबले की पाणी. जवळ गेल्यावर दोहोंचे खाचखळगे कळतात. ट्विटरने इंजिन घेतले ते बरोबर आणि विकिपीडियाने इंजिन सोडून पंपसेट घेतला तेही बरोबर. कारण दोघांनीही आधी आपली विहीर किती खोल आहे, आपले रान किती आहे आणि घरात राबणारे हात किती आहेत, ते मोजले होते.

श्रोतेहो, यंत्रे बदलतील, नावेही बदलतील. पण कुण्या शेतकऱ्याने आपल्या भाषेत, आपल्या रीतीने लिहिलेला एक शब्द टाकला, तर कपाटातला त्याचा कागद त्याच्या हाती आला पाहिजे. निवड लायब्ररीची करा की सर्व्हरची करा, त्या दिवशी कागद मिळाला की नाही, एवढ्यावरच तिची परीक्षा होणार आहे.